वाडीच्या चाळीस मुलाखती

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एम.ए.च्या प्रबंधासाठी घेतलेल्या चाळीस मुलाखतींपैकी एकोणचाळीस मी घरी बसून घेतल्या. प्रश्न मीच विचारले, उत्तरंही मीच दिली.

विषय होता प्रमाणकशून्यता. ग्रीकमध्ये 'नोमोस' म्हणजे नियम, रीत. त्याला नकार जोडला की 'अनोमी'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला. समाज झपाट्याने बदलतो, जुने नियम सुटतात, नवे बसत नाहीत. मग किती हवं, कुठं थांबावं हेच माणसाला कळेनासं होतं. ही अवस्था मला नागपुरात कुठंतरी सापडायला हवी होती. शहराच्या कडेला वाडी नावाची वस्ती आहे; तिथं ट्रान्सपोर्टची गोदामं, खेड्यांतून आलेले हमाल, भाड्याच्या खोल्या. निष्कर्ष मी जाण्याआधीच लिहून ठेवला : इथं कोणी कोणाचं नाही.

गेलो एकदाच, मे महिन्यात. गोदामाच्या भिंतीवर पोती उचलायचे लोखंडी आकडे टांगायला खिळे होते. टोळी कामाला लागलेली, तरी एक आकडा खिळ्यालाच. एका हमालाला विचारलं.

"त्याले कावीळ झाली जी. तो येईपर्यंत जागा त्याचीच."

"दुसरा माणूस घेत नाही?"

"काहून घ्यावं? उद्या मी पडलो त मंग?" उन्हाने मला घेरी येत होती. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आत्ता त तुम्हीच पडून राहिले, साहेब. पाणी प्या, मंग लिहा."

पाणी प्यायलो. त्याची प्रश्नावली भरली, पण जागा राखण्याचं मात्र लिहिलं नाही. हा नियम माझ्या निष्कर्षात बसेना, म्हणून नियम गाळला. बाकीच्या प्रश्नावल्या घरी कुलरसमोर भरल्या. हस्ताक्षरं वेगळी दिसावीत म्हणून तीन पेनं वापरली. प्रश्नावली मुलाखत घेणाराच भरतो, हे चौथ्या दिवशी आठवलं! प्रबंधाला प्रथम श्रेणी मिळाली आणि तिच्या जोरावर कॉलेजात नोकरी.

पुढे वर्गात शिकवायचो : यशाची ओढ समाज सगळ्यांना लावतो, वाट थोड्यांनाच देतो, मग काहीजण आडवाटेने जातात. कुणी उदाहरण विचारलं की मी खिडकीबाहेर बोट दाखवायचो.

दहा-बारा वर्षांनी एक विद्यार्थिनी ग्रंथालयातला माझा प्रबंध घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सर, यात लिहिलंय, वाडीच्या हमालांत कोणी कोणाचं नाही. माझे बाबा तिथंच आहेत. आजारी माणसाची जागा ते लोक राखून ठेवतात. तुम्ही कोणाले विचारलं होतं?"

"नमुना यादृच्छिक होता," मी म्हणालो. शब्द जड असला की मुलं गप्प होतात. ती प्रबंध घेऊन परत गेली.

वार्षिक परीक्षेत तिने प्रमाणकशून्यतेचं उदाहरण म्हणून वाडीचे हमालच दिले, माझ्याच वाक्यांत. तिला पास व्हायचं होतं. मी भरभरून गुण दिले. स्वतःच्या बापाविरुद्ध खोटं लिहायला एखाद्या पोरीला इतक्या शिस्तीत शिकवणारा मास्तर विरळाच.

तो प्रबंध अजून ग्रंथालयाच्या कपाटात आहे. त्याच्या पहिल्या पानावर 'हे खोटं आहे' असं लिहून सही करणं, वाडीला जाऊन टोळीसमोर तेच सांगणं आणि त्या मुलीची माफी मागणं, एवढं माझ्याकडून बाकी आहे.