पाठ नसलेला गाऊन

शिलाईच्या दुकानात चिंध्या साठतात तसे किस्से साठतात. फेकवत नाहीत आणि त्यांचं धड काही शिवताही येत नाही. मदन महल स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटंसं बुटीक आहे. मी डिझाइन करते, मास्टरजी कापतात आणि शिवतात. उरलेल्या वेळात मी दचकते. कुरिअरवाल्याने शटर वाजवलं की दचकते, सुई तुटली की दचकते. माझ्या हातात कात्री असेल तर मास्टरजी आधी दारात खोकतात आणि मगच आत येतात!

यातले निम्मे किस्से वैदेहीताईचे. ताई आमच्या ओळखीच्या काकूंची मुलगी, वकील आहे आणि लहानपणापासून व्हीलचेअर वापरते. तिला एकच गोष्ट हवी होती : हायकोर्टात स्वतः केस मांडायची. तिचे सीनियर दुबे सर केसची सगळी तयारी तिच्याकडून करून घ्यायचे आणि बोलायला स्वतः उभे राहायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "बेटा, तुम्हारा गाऊन पहिये में आ जाता है. कोर्ट में तमाशा हो जाएगा."

हायकोर्टात वकिलाला गाऊनशिवाय चालत नाही. आणि ताईचा गाऊन खरंच चाकात यायचा. म्हणून ती आमच्याकडे आली.

*

पहिल्याच दिवशी मास्टरजींनी टेप उलगडला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "बिटिया, ज़रा सीधी खड़ी हो जाओ."

माझ्या हातातून टाचण्यांची डबी पडली.

ताई शांतपणे म्हणाली, "हो जाऊँगी, मास्टरजी. एक्स्ट्रा तो नहीं लगेगा?"

मास्टरजींनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसले आणि बसूनच सगळं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक आलं, चांगलं उभं राहिलं. त्याला म्हणाले, "पहले बैठिए."

*

गाऊनच्या आधी काळी पँट शिवायची होती. बाजारातली प्रत्येक पँट उभ्या माणसासाठी शिवलेली असते. बसलं की मागून खाली सरकते आणि पुढे पोटावर कापड गोळा होतं. ताईला तर दिवसभर बसायचं असतं. जुन्या पँटचे मागचे खिसे दाखवत ती म्हणाली, "हे काहून ठेवले असतील? मी काय खिशांवर बसून राहू?" त्यांची जाड शिवण टोचून तिला जखमा व्हायच्या, हे तिने नंतर सहज बोलता बोलता सांगितलं.

आम्ही मागचे खिसे काढून मांडीवर आणले. पँट मागून उंच केली, पुढून खाली घेतली. ताईला ती इतकी छान बसली! पण हँगरला लावली की अगदी वेडीवाकडी दिसायची. एक गृहस्थ बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग मास्टरजींच्या कानाशी लागले, "तिरछी कट गई है न? आधे में दे दो."

मास्टरजी दिवसभर त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते. ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "देऊन टाकायची होती. घरी जाऊन उभा राहिला असता म्हणजे कळलं असतं."

*

मग गाऊन. पहिला नमुना तयार झाला तेव्हा तपासायला मीच तो घातला. ताईला सोफ्यावर बसवलं आणि तिच्या खुर्चीतून दुकानासमोर फेऱ्या मारू लागले. बाही कुठे अडकते ते बघायचं होतं. (सगळीकडे अडकत होती.)

तेवढ्यात एक आजोबा थेट समोर येऊन उभे राहिले, हात जोडून म्हणाले की भावाने त्यांच्या जागेत भिंत घातलीय आणि तो काही ती हटवत नाही. मी शिंपीण आहे हे सांगायचं सोडून मी घाबरून म्हणाले, "हट जाएगी."

आजोबा समाधानाने गेले. काही दिवसांनी खोव्याची जलेबी घेऊन आले. भिंत हटली होती! वकील मॅडमनी सांगितलंय म्हटल्यावर भाऊच घाबरला म्हणे.

ताई जलेबी खाता खाता म्हणाली, "मी एवढं शिकले काहून?"

*

दुसरा नमुना आखूड केला. ताईने घातला, खुर्ची वळवली आणि टर्र! मी किंचाळले. गाऊनची अख्खी पाठ फाटून चाकाभोवती गुंडाळली गेली होती. मास्टरजी डोक्याला हात लावून बसले.

नेमक्या तेव्हाच काकू तिला न्यायला आल्या. दारातून, समोरूनच त्यांनी लेकीला बघितलं.

"अच्छा, आता कसा नीट बसून राहिला," त्या म्हणाल्या. "आधीच काहून नाही शिवला असा?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईची पाठ तर खुर्चीला टेकलेली असते. तिथला गाऊन बघतंय कोण? मास्टरजींनी फाटलेल्या कडा दुमडल्या, खांद्याला हुक लावले, बाह्या कोपरापाशी आवरल्या. चाकात जायला काही उरलंच नाही. हल्ली मास्टरजी सगळ्यांना सांगतात की हे डिझाइन त्यांच्या डोक्यात पहिल्यापासूनच होतं.

*

दुबे सरांनी गाऊन समोरून पाहिला. बाजूने पाहिला. ताईला चेंबरभर खुर्ची फिरवायला लावली. कुठेही काही अडकेना. शेवटी म्हणाले, "अच्छा. अगली बार देखेंगे."

म्हणजे या तारखेलाही सरच बोलणार.

*

त्या तारखेला मी पास काढून कोर्टात गेले. गाऊन कुठे ओढला गेला तर दिसावं म्हणून ताईने बोलावलं होतं. एका रिटायर्ड शिक्षिकेच्या अडकलेल्या पेन्शनची केस होती, तयारी अर्थातच ताईची. सर पुढे उभे, ताई त्यांच्या शेजारी, फाइल तिच्या मांडीवर. मी सगळ्यात मागे, पर्स छातीशी धरून.

केस पुकारली. ताईची खुर्ची वीतभर मागे सरकली. मी दचकले.

सर माइककडे निघाले आणि मध्येच थांबले. त्यांचा गाऊन ताईच्या चाकात गेला होता. त्यांनी ओढला. निघेना. वाकून ओढला, तर आणखीच गुंतला. न्यायाधीश वाट बघत होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "बेटा, तुम ही बोल दो."

माइक ताईच्या हाताशी होता.

ती बोलली. न अडखळता, फाइल न उघडता. तिचा गाऊन जागचा हलला नाही. सर तेवढा वेळ तिच्या शेजारी अर्धवट वाकून उभे होते. पेन्शन सुरू करायचा आदेश झाला.

बाहेर व्हरांड्यात सर गाऊनची फाटलेली कड बघत पुढे गेले. मला ताईला एकच विचारायचं होतं. पण तोंड उघडायच्या आत तिनेच खुर्चीचा ब्रेक खटकन लावला आणि म्हणाली,

"सई, मास्टरजींना सांगून ठेव. उद्या सरांचं माप घ्यायचं आहे."