अक्काच्या अक्षरात

इंद्रायणीला ऐकू येत नाही, पण कुणी ‘बिचारी’ म्हटलं की ओठांवरून तिला बरोबर कळतं, आणि मग त्या माणसाची धडगत नसते. अक्कलकोट रोडच्या गणवेशाच्या कारखान्यात तिच्यासारखी कॉलर लावणारी दुसरी बाई नाही. बारा-तेरा वर्षं झाली, तिची टीप कधी वाकडी गेली नाही.

जग तिच्याशी बोलायचं ते मात्र अक्काच्या हातांनी. अक्का म्हणजे थोरली बहीण पद्मजा, शाळेत शिक्षिका. इंदूकडून अक्षरं गिरवून घेतली ती अक्कानंच. लहानपणी भांडण झालं की इंदू डोळे गच्च मिटून घ्यायची. झालं, बोलणंच बंद! मग अक्का तिच्या तळहातावर बोट फिरवून गुदगुल्या करायची आणि इंदू हसत डोळे उघडायची. आई गेल्यावर दोघीच राहिल्या. इंदूपायी पद्मजानं लग्न केलं नाही की, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

एकोणिसाव्या वर्षी इंदूच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर सगळं अक्काशी आणि आईशी बोलला, इंदूकडं त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. अपेंडिक्स आहे, काढावं लागेल, असं अक्कानं खुणांनी सांगितलं. पुढं पाळी आली नाही, तेव्हा म्हणाली, इंजेक्शन देऊन थांबवलीय, लग्न ठरलं की डॉक्टर परत सुरू करून देतील. दहावी पास झालेली पोरगी, तिनं हे मानलंच कसं? अहो, तिनं विश्वास डॉक्टरवर नव्हता ठेवला, अक्कावर ठेवला होता.

यंदा लग्न ठरलं, एकतिसाव्या वर्षी. नवरा गुरुलिंग, त्याच कारखान्यात कटिंग मास्तर, तोही ऐकू न येणारा. इंदूला मूल हवं होतं, आणि ते सांगायला ती लाजायची नाही. उरल्या कापडाची तीन झबली शिवून तिनं ट्रंकेत ठेवलीसुद्धा होती. आता डॉक्टरकडं चल म्हणून ती अक्काच्या मागं लागली. अक्का आधी म्हणाली पेपर तपासायचेत, मग म्हणाली ऊन लई आहे, मग नुसताच विषय बदलायला लागली.

तेवढ्यात शेजारच्या मशीनवरची बसम्मा अपेंडिक्सचं ऑपरेशन करून कामावर आली. जेवणाच्या सुट्टीत तिनं पदर सारून बायकांना वण दाखवला. उजव्या बाजूला, तिरका, चार बोटांचा. इंदूनं हातातली भाकरी डब्यात ठेवली. तिचा वण ओटीपोटावर, मधोमध, आडवा होता. खिसा उसवायला कुणी कंबरपट्टा कापत नाही, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच सोनोग्राफीला गेली. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईनं सवयीनं दाराकडं पाहिलं, सोबत कोण आलंय म्हणून. इंदूनं वही पुढं केली. “मीच आहे. मला लिहून सांगा.” बाई थांबली, खुर्ची ओढून समोर बसली आणि तिनं सावकाश लिहिलं, “तुमची गर्भपिशवी ऑपरेशननं काढलेली आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?”

घरी येऊन इंदूनं कपाटातली आईची फाइल उपसली. कागद सापडला. ‘माझी बहीण मूकबधिर असून तिला समज नाही. तिच्या वतीने मी संमती देते.’ खाली पद्मजाची सही. अक्षर तेच, वळणदार, ज्यावरून इंदू लिहायला शिकली होती. दहावीला मराठीत ब्याऐंशी मार्क पडलेल्या पोरीला समज नाही!

अक्का शाळेतून आली तेव्हा कागद चटईवर होता. तिनं तो ओळखला आणि उंबऱ्याजवळच बसली. मग तिचे हात बोलायला लागले. आईला घोर लागला होता, इंदूवर कुणी हात टाकला तर ती ओरडणार कशी? डॉक्टरच म्हणाला, अशा मुलींचं हेच करतात, पाळीचाही त्रास वाचतो.

इंदूनं वही ओढली आणि पेन दाबून लिहिलं, “पिशवी काढल्यानं कुणी हात टाकायचं थांबलं असतं का? फक्त दिवस राहिले नसते, म्हणजे तुम्हाला कळलं नसतं. मला का नाही विचारलंस?”

अक्का रडत राहिली, कारण तिचंही प्रेम काही खोटं नव्हतं, आणि इंदूला नेमकं तेच सोसत नव्हतं. परक्यानं फसवलं असतं तर ती त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाली असती. पण ज्या हातांनी तिला ‘आई’ आणि ‘पाणी’ शिकवलं, तेच हात बारा वर्षं खोटं बोलत आले होते.

मग डोळे पुसून अक्कानं खूण केली, “गुरुलिंगला मी सांगते. तू काळजी करू नकोस, तुझ्या वतीनं मी बोलते.”

इंदूनं डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं तळहातावर बोट फिरलं, लहानपणी फिरायचं तसंच. तिनं हात ओढून घेतला. बोट पुन्हा आलं, कोपर धरून हलवलं गेलं, मग गुडघ्यावर कपाळ टेकल्याचं तिला जाणवलं. इंदूनं डोळे उघडले नाहीत. गुरुलिंगला उद्या कसं सांगायचं, ते ती मनातल्या मनात स्वतःच्या हातांनी जुळवत होती.