आमच्या वस्तीची बोरिंग

"वाक," डॉक्टर म्हणाले.

बाबा वाकले नाहीत. वाकताच येत नव्हतं त्यांना.

"अरे, वाक म्हटलं ना!"

भोवती दहा-बारा शिकाऊ पोरं-पोरी. मधे माझे साठीचे बाबा, नुसत्या चड्डीवर. मान वळवायला सांगितली तर अख्खं अंग वळवावं लागलं. कोणीतरी फिसकन हसलं. मी, त्यांची लेकुरवाळी मुलगी, त्यांचं धोतर हातात धरून भिंतीशी उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून पोरांना इंग्रजीत काहीबाही समजावलं. आम्हाला कोणी काही सांगेना. शेवटी मीच विचारलं, "माया बाबाले झालं काय?"

"हाडं जाड झालीत. मणके एकमेकांना चिकटलेत. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की होतं असं. औषध नाही. पाणी बदला."

आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पाणी बदला! गावच्या विहिरीवर आम्ही बौद्ध वस्तीतल्या बाया गुंड घेऊन लांब उभ्या राहायचो. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. बहात्तरच्या दुष्काळात बाबांनी आर्वीच्या कचेरीत चपला झिजवल्या आणि वस्तीत सरकारी बोरिंग आणली. हापशीच्या दांड्याला हार घातला. पहिला गिलास स्वतः प्याले. सरपंच हसून म्हणाले होते, "आता तुमचं पानी तुमच्यापाशी." पुढे पोरांचे दात तपकिरी पडले, तर आम्ही राखुंडी बदलत बसलो.

बाबा आता बरे होणार नाहीत. कूस बदलायलाही दोन माणसं लागतात. स्वतः आणलेल्या पाण्यानं हे केलं, म्हणून लाजेनं माझ्याशी बोलतही नाहीत. पण माझं सासर त्याच वस्तीत आहे आणि माझी मुलगी दोन वर्षांची आहे.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी गुंड, बादली आणि दोर घेऊन गावच्या विहिरीवर गेले. सरपंच आडवे आले.

"तुमची बोरिंग हाये ना? इकडे काऊन येऊन राह्यली?"

"त्या पान्यानं बाबाचे हाडं दगड झाले."

"मंग उकळून पेजा."

मी बादली विहिरीत सोडली. विहीर बाटली म्हणत गावातल्या बाया रिकामे गुंड घेऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या कोणालाच शेतात काम नाही. आता आमचेच लोक दारात येऊन म्हणतात, गप बस, पोटावर पाय आणू नको. त्यांचंही खरं आहे. कोणी माझ्यासोबत येणार नाही, तेही मला कळतं.

तरी उद्या विहिरीवर जाणार. माझ्या लेकीची हाडं अजून कोवळी आहेत.