मनगटाचा नमस्कार

“मॅडम, हाऊ नमस्कार कोनले?” अक्कांनी विचारलं. निर्जीव उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून माझ्या टेबलावर ठेवला होता.

“कोणालाच नाही. मनगटाला. तळवे जुळवा आणि चांगल्या हाताने दुसरा मागे रेटा. दहा वेळा, दिवसातून तीनदा.”

“मंग देवले नही ना? देवले मी आते हात जोडत नही.”

धुळ्यात फिजिओथेरपी करताना मला तऱ्हेतऱ्हेचे पेशंट भेटले. व्यायाम देवासाठी नाही याची हमी मागणाऱ्या या पहिल्याच.

अक्का जवळच्या खेड्यात ब्लाउज शिवतात. श्रावणात आमच्याकडे रविवारी घरोघर कानबाई बसते. ही खानदेशची देवी, नारळाच्या रूपात पुजतात. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. हात मोडला त्या वर्षी हा मान अक्कांचा होता. पायरीवर त्यांचा पाय घसरला. डोक्यावरची कानबाई त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरली आणि सगळा भार उजव्या दंडावर घेतला.

“मी तिले पडू दिधं नही,” अक्का म्हणाल्या. “तिनी मातर माले पाडं.”

दंडाचं हाड प्लेट टाकून जुळलं. पण हाडाला लागून जाणारी रेडियल नर्व्ह दुखावली. मनगट आणि बोटं वर उचलायचा हुकूम हीच नस देते. ती बंद पडली की पंजा खाली लोंबतो. अक्कांच्या धंद्यात सांगायचं तर कात्री धरता येते, उघडता येत नाही.

चार महिने झाले तरी हालचाल शून्य. ऑर्थोपेडिक सर म्हणाले, “संक्रांतीपर्यंत बघू. नाहीतर टेंडन ट्रान्सफर.” म्हणजे दुसऱ्या, चालत्या स्नायूची दोरी काढून मनगटाला जोडायची. ऑपरेशन चांगलं आहे, पण हाताची पूर्वीची सफाई परत येईलच असं सर सांगत नव्हते.

मधे दोन आठवडे अक्का फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा मनगट आखडलेलं.

“घरी व्यायाम केला नाही?”

“काय करू? काहीच जानवत नही. लाकूड शे.”

मी चिडले. “अक्का, नस रोज जेमतेम मिलिमीटरभर वाढते आणि वाढताना सांगत नाही. ती पोहोचेल तेव्हा सांधाच धरलेला असला, तर तिने येऊन करायचं काय? नस आणणं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. सांधा मोकळा ठेवणं एवढंच आपल्याकडे आहे.”

पुढच्या खेपेला मनगट छान सैल होतं. मी शाबासकी दिली.

“देव्हारापुढे करस,” अक्का म्हणाल्या.

“देवाला हात जोडत नव्हता ना?”

“मन आजून लागत नही. राग बी शे. पन सांधा धराले नको. हातना बी, आन तिन्हा-मन्हा बी.”

मिस्टर गेल्यापासून मी देवापुढे दिवा लावत होते तो निव्वळ सवयीने. आत काही हलत नव्हतं. हे ढोंग आहे असं वाटून मला लाज वाटायची. दिवसभर लोकांना ज्या गोष्टीवर लेक्चर द्यायचं, तीच स्वतःला लावायचं मला सुचलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

संक्रांतीला आठवडा उरला होता. अक्कांचा हात टेबलावर आडवा ठेवला, म्हणजे पंजाचं वजन पडत नाही. कोपराखाली मी बोट टेकवलं.

“मनगट मागे घ्या.”

कातडीखाली काहीतरी सरकलं. आम्ही याला फ्लिकर म्हणतो. स्नायूने दिलेली पहिली ओ.

“परत.”

परत सरकलं. अक्का शांत होत्या. रडले मी.

सरांनी स्वतः तपासलं. “ऑपरेशन कॅन्सल. तुमचा तो नमस्कार चालू ठेवा.”

कात्री पाडव्याच्या सुमाराला उघडू लागली. पुढच्या श्रावणात कानबाई पुन्हा अक्कांच्याच डोक्यावर होती, दोन्ही हातांनी धरलेली. मीही नदीवर गेले होते. परतताना विचारलं, “अक्का, राग गेला का?”

“थोडा शे आजून,” त्या हसल्या. “तिले म्हाईत शे.”

पेशंटला देते त्या व्यायामाच्या कागदाखाली मी आता एक ओळ हाताने लिहिते: काही जाणवत नसलं तरी चुकवू नका. माझा संध्याकाळचा दिवाही त्याच ओळीवर चालू आहे.