पत्र्याच्या शेडला ओढलेली वायर

माझी थोरली बहीण पारनेर तालुक्यात एका वस्तीवर दिलेली होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. आई सारखी आजारी, त्यामुळे माझी वेणीफणी, शाळेचा डबा, ताप आला की कपाळावर ओल्या पट्ट्या, हे सगळं आक्कानंच केलं. तिच्या लग्नात मी तिचा पदर धरून रडायला लागले, तेव्हा दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मला उचलून घेतलं आणि म्हणाले, "रडू नगं. तू बी चल आमच्यासंगं."

दाजींचा हात कशातही चालायचा. विहिरीवरची मोटार बिघडली तर तेच खोलून बसत. वायरमनला बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. घर जसजसं वाढलं तसतशी त्यांनी लाईटही पुढं नेली. पुढची खोली जुनी, दगडमातीची. तिथं भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून वायरी नेलेल्या. मागं स्लॅबच्या खोल्या बांधल्या तेव्हा वायरी पाइपातून भिंतीच्या आत गेल्या. आणि बाजूला पत्र्याचं शेड होतं, तिथं आक्कानं मिरची कांडपाचं मशीन बसवलं.

ते मशीन आल्यावर आक्का बदलली. उन्हाळ्यात आसपासच्या वस्त्यांवरून बायका वाळलेल्या मिरच्या घेऊन यायच्या. सगळ्या शिंकत, डोळे पुसत, एकमेकींना हसत बसायच्या. नाकातोंडाला पदर बांधून आक्का मशीनपाशी उभी असायची. मशीनच्या आवाजात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, तरी तिचं बोलणं चालूच. एवढी मोकळी मी तिला माहेरीही पाहिली नव्हती.

शेडासाठी दाजींनी घरातूनच एक साधी वायर ओढली आणि पत्र्याच्या कडेवरून आत घेतली. "तात्पुरती हाय. मागनं नीट करू," म्हणाले होते. पण शेतीच्या कामात ते राहूनच गेलं.

आक्का गेली ती भाद्रपदातल्या एका सकाळी. कांडपाचे दिवस नव्हते, मशीन बंद होतं. वायरीतली लाईट मात्र चालू होती. वाऱ्यानं हलून हलून पत्र्याच्या धारेवर तिचं वरचं आवरण कापलं गेलं होतं. कपडे वाळत घालायची लोखंडी तार शेडाच्याच लोखंडी खांबाला बांधलेली. जमीन ओली, आक्का अनवाणी. तिनं पिळलेली चादर तारेवर टाकली.

दाजी आत चहा पीत होते. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर आक्का तारेला चिकटलेली. तिला धरायला धावणार, तेवढ्यात शेजारची बाई ओरडली, "शिवू नका! आधी लाईट बंद करा!" ते आत पळाले, मेन स्विच खाली ओढला. परत येईपर्यंत आक्का खाली कोसळली होती. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

मी नगरहून पोचले तेव्हा भाची, आक्काची मुलगी, आईच्या पायाशी बसली होती. आक्काच्या तळहातावर तारेचा काळा वळ होता. भाचीनं तो हात पदराखाली झाकला. कुणी तो पाहू नये असं तिला वाटत असावं.

पुढच्या आठवड्यात चौकशीला विद्युत निरीक्षक आले. शांत माणूस. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं. दाजी त्यांच्या मागं मागं. शेडापाशी निरीक्षक थांबले आणि विचारलं, "ही वायर कोणी ओढली?"

"मी," दाजी म्हणाले. "माझ्याच हातची हाय."

निरीक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं. मग दाजींनीच विचारलं, "कशी पायजे हुती, ते सांगा मला."

"आता कशाला, दाजी?" मी म्हटलं.

"न्हाई, सांगू दे त्यांना."

निरीक्षकांनी एकेक सांगितलं. पट्टीवरची वायर जुनी झाली की तिचं आवरण तडकतं, ती बदलावीच लागते. भिंतीतल्या पाइपाचं काम बरं आहे, पण सोबत अर्थिंगची, म्हणजे झिरपलेली वीज जमिनीत उतरवणारी, हिरवी वायर हवी होती, ती टाकलेलीच नाही. उघड्यावर नेताना वायर पाइपातून किंवा जाड कवचाच्या केबलमधून न्यायची, पत्र्याला टेकू द्यायची नाही, आणि लोखंडी शेडालासुद्धा अर्थिंग द्यायचं.

"पर फ्यूज हुता की," दाजी म्हणाले. "तो का न्हाई उडाला?"

"फ्यूज असतो तो वायर तापून जळू नये म्हणून. माणसाला मारायला फार थोडी वीज पुरते, तेवढ्यानं फ्यूज उडत नाही. त्यासाठी वेगळा स्विच मिळतो. वीज भलतीकडे झिरपली की तो लगेच बंद पडतो."

"तो असता तर..."

निरीक्षकांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

दाजींनी त्यानंतर घराची लाईट बंदच केली. भाचीनं बरेच दिवस सोसलं आणि मग एकदा वडिलांना ठामपणे सांगितलं, "दादा, मला या घरात राहायची भीती वाटते. सगळं नव्यानं करून घेऊ. पण तुम्ही नाही करायचं." परवानाधारक इलेक्ट्रिशियन आला. दाजी उंबऱ्यावर बसून बघायचे, पकडीला हात लावायचे नाहीत. अर्थिंगचा खड्डा तेवढा त्यांनी कुणाला खणू दिला नाही. खाली कडक मुरूम, पहार आपटून हाताला फोड आले. मी पाणी घेऊन गेले तर खड्ड्यात उभे राहून रडत होते. मला पाहून तोंड फिरवलं आणि पुन्हा पहार उचलली. मग कोळसा आणि मीठ थराथरानं आपल्या हातानं भरलं.

काम संपल्यावर इलेक्ट्रिशियननं तो नवा स्विच दाखवला. त्यावरचं तपासणीचं बटण दाबलं आणि घरातली लाईट गेली.

"एवढ्या लवकर?" दाजींनी विचारलं.

"पापणी लवायच्या आत, काका."

"पुन्यांदा दाबा."

त्यानं स्विच वर करून पुन्हा दाबलं. दाजींनी परत दाबायला लावलं. मग पायात चपला न घालताच शेताकडं निघून गेले आणि संध्याकाळी परतले.

कांडपाचं मशीन भाचीनं तालुक्याच्या एका बचत गटाला दिलं. तिला पुण्यात नोकरी लागली. मोटार बिघडली की लोक अजून दाजींना बोलवायला येतात, ते नाही म्हणतात. एकटेच असतात. स्वतःपुरत्या भाकरी थापतात, जाडजूड, कडेला करपलेल्या.

गेल्या दिवाळीत मी दोन दिवस राहून आले. एसटी यायची होती, फाट्यावर आम्ही दोघंच उभे. दाजी एकदम म्हणाले, "बाई, तुझा फोन येतो ना, तवा लई तरास हुतो. आवाज अगदी तिचाच हाय तुझा."

मी म्हटलं, "मग नको करू का?"

"आसं कुठं म्हन्लो मी," ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "करत जा. पर आधी सांगत जा, मी धाकटी बोलते म्हनून."

तसंच करते. फोन उचलला गेला की लगेच सांगते, दाजी, मी धाकटी बोलते. मग ते विचारतात, "जेवलीस का?"