उंबऱ्याच्या आत फक्त 'चालतील'

वडिलांना अर्धांगवायू झाल्याला महिना होत आला होता. आमच्या पाथर्डीच्या घरात फोन स्पीकरवर ठेवला होता. पुण्याच्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, ते इंग्रजीतच बोलत होते. खाटेवरून वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. आई त्यांच्या पायाशी बसली होती.

मी इंग्रजीत विचारलं, पुन्हा चालतील ना? 'कॅन' म्हणाले असते, तर मी तिथंच पेढे मागवले असते. डॉक्टर म्हणाले, "ही माइट." मग, "ही माइट नॉट." कदाचित चालतील, कदाचित नाहीही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्या 'माइट'मध्ये आशा किती थोडी असते ते मला कळतं, आणि त्या कळण्याचाच मला संताप आला. घरात वाईट बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकतच मी वाढले.

"काय म्हनले?" आईनं विचारलं.

"चालतील."

वडिलांनी डोळे मिटले. आईनं माझं मनगट धरलं आणि उंबरा ओलांडून मला अंगणाच्या टोकाला नेलं. हात न सोडता ती म्हणाली, "आता सांग. हितं वास्तू ऐकत न्हाई."