पेरावरचा समुद्र

बोटाच्या पेरावरून ताणलेली नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला कुठेतरी खोल गढुळात शिसे आणि कोळंबी टोचलेला गळ, आणि अवचित त्या पेरावर उमटलेली एक टिचकी! दारावर कुणी नखाने वाजवावे आणि लगेच पळून जावे, तशी. कधीही न पाहिलेल्या कुणाची अशी चाहूल तुम्ही अनुभवली आहे का? अर्नाळ्यासमोरचा समुद्र दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा. वैतरणा नदी त्यात आपला गाळ सदैव ओतत असते. वीतभर खालचेही दिसत नाही. इथे समुद्राशी ओळख करून घ्यायची तर डोळे मिटले तरी चालतात, बोट मात्र जागे असावे लागते.

मी निर्मळ गावचा, केळीच्या बागेत वाढलेला. माझे सारे कुतूहल जमिनीखालचे: मुळे कुठवर पोहोचली असतील, विहिरीचा झरा कोणत्या दिशेने येत असेल. लग्न मात्र झाले अर्नाळ्याच्या एका दर्यावर्दी घरात, आणि माझ्या चौकसपणाला एकाएकी तळ उरला नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांनी उभा जन्म एका लहानशा होडीतून गळ टाकण्यात घालवला. मोठ्या बोटी आल्या, मासे दाखवणारे पडदे आले. मामांनी कुणाचा हेवा केला नाही आणि आपले बोटही सोडले नाही.

पण गेली काही वर्षे साखरेच्या आजाराने त्या बोटांतील जाणीव ओहोटीच्या पाण्यासारखी मागे सरत गेली. उकळत्या चहाचा पेला ते शांतपणे धरून बसत आणि पाहणाऱ्याचाच जीव चटकत असे. एकदा शिंगाळा माशाचा विषारी काटा हातात मोडला, तो घरी आल्यावर माझ्या पत्नीला दिसला. तेव्हापासून तिने धोशा लावला होता: बाबा, आता एकट्याने जाणे पुरे. अखेर मामांनीच तोड काढली. आश्विनातल्या एका स्वच्छ सकाळी जावयाला साक्षीला घेऊन जायचे. मासा हाताला कळला तर होडी राहील, नाही कळला तर ती पुतण्याची. निघताना पत्नी मला एवढेच म्हणाली, "गोड नका सांगू. खरं असेल ते सांगा."

अर्नाळ्याच्या किल्ल्याचे बेट मागे टाकून आम्ही नांगर टाकला. किनाऱ्यावर माडांच्या डोक्यांवरून विरारचे उंच मनोरे डोकावत होते. मामांनी दोरी सोडली, तर्जनीवर घेतली आणि मान किंचित कलती करून बसले. किती सुंदर असते हे ऐकणे! मी बागेत अर्धवट पिकलेल्या केळीच्या घडाला बोटाने दाबून पाहतो तेव्हा माझी मानही अशीच कलते, हे मला त्या क्षणी उमगले. सगळ्या कारागिरांच्या माना एकाच बाजूला कलत असतील काय?

मग होडीच्या काठावर दोरी थरथरली. मला ती दिसली. मामांचे बोट स्तब्धच. पुन्हा थरथरली. मामा क्षितिजाकडे पाहत होते. गळ वर घेतला तेव्हा कोळंबी साफ झाली होती. त्यांनी नवी टोचली. दोनदा असे झाले. स्वतःच्याच घराचे दार वाजत होते आणि ते या माणसाला ऐकू येत नव्हते. मला राहवले नाही. त्यांच्या बोटावरून मागे आलेली दोरीची मोकळी बाजू मी चिमटीत धरली आणि हळूच एक हिसका दिला. बोट हलले नाही. दुसरा जरा जोरात दिला.

"जावई," मामा वळून न पाहता म्हणाले, "तो मासा तूच का?"

मी दोरी सोडून दिली.

"दोरी उलटीकडनं हलली. डोळे हायेत ना अजून. आनि मासा कधी दया करून ओढत नाय रे."

ते हसले, मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आले. मामांनी दोरी बोटावरून काढली आणि माझ्या बोटावर ठेवली. "धर. नि काय लागतंय ते सांग."

आता सांगायचे कसे? टिचकी आली. मी म्हणालो, लागले काहीतरी. "काहीतरी म्हंजे?" म्हटले, नखाने खाजवल्यासारखे. "कुर्ली. खाऊ दे तिला." खेकडा होता तो. मग ओले फडके कुणी सावकाश ओढावे तसे झाले, तेही मी सांगितले. मामांनी डोळे मिटले होते. त्यानंतर दोन ठोके, एक विराम आणि एक सरळ, निःशंक ओढ. मी "दोन ठोके, मग..." एवढे म्हणेपर्यंत मामा म्हणाले, "ओढ!" हातभर दोरी, आणखी हातभर, आणि गढुळातून चंदेरी ढोमी उजळत वर आली. मामांनी ती ओंजळीत घेतली, क्षणभर थांबले, मग गालाला लावली.

"गार हाय," ते म्हणाले.

किनाऱ्यावर पत्नी उभी होती. माझ्या हातातील मासा पाहून तिचा चेहरा फुलला. मी तोंड उघडण्याआधीच मामा म्हणाले, "हाताला नाय कळलं गं." त्याच संध्याकाळी होडी पुतण्याच्या दारी गेली. त्या रात्री मामा जेवले नाहीत.

आता सुट्टीच्या दिवशी पुतण्या आम्हा दोघांना त्याच होडीतून नेतो. दोरी माझ्या पेरावर असते, मामा शेजारी डोळे मिटून. मी सांगत राहतो: भिजल्या दोऱ्याने गुंडी ओवल्यासारखे, झोपेतल्या मुलाने कूस बदलल्यासारखे. परवा एक टिचकी अशी आली की तिला शब्दच सापडेना, आणि मी मध्येच थांबलो.

"बोल ना," मामा कलत्या मानेने म्हणाले. "थांबू नको. मला लागतंय."